साखरेच्या डब्यामागचं आष्टी

मैत्रिणींनो, मॅडोना हे नाव तुमच्या कानांवरून गेलंच असेल. १९८० नंतरच्या दहा वर्षांत ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारी मुलं होती, त्यांनी तर तिची पोस्टरं भिंतीवरून काढायला लावून वाद ओढवून घेतले असतील! गाणं, नाच, झगमगाट आणि दर वर्षी नवा अवतार, अशी ही अमेरिकेची गायिका. तर या बाईंनी २००८ मध्ये एक अगदीच वेगळा उद्योग केला. आफ्रिकेतल्या मालावी नावाच्या छोट्याशा, गरीब देशात जाऊन तिथल्या अनाथ मुलांवर माहितीपट काढला. ‘आय अ‍ॅम बिकॉज वुई आर’ असं त्याचं नाव. आपण सगळे आहोत म्हणून मी आहे, असा काहीसा त्याचा अर्थ. लेखन तिचं, निर्मिती तिची, निवेदनाचा आवाजही तिचाच. दिग्दर्शक होता नेथन रिसमन, आणि हा गृहस्थ पूर्वी तिच्याच घरी बागकाम पाहत असे, बरं का!

एड्सनं आई-बाप नेले, मागे लहानगी राहिली, त्यांना आजी सांभाळते आहे, अशी ती घरं. बघताना डोळे भरून येतात. पण डोळे पुसून झाल्यावर पुढे काय झालं, हेही पाहायला हवं. मॅडोनानं तिथल्या मुलींसाठी दीड कोटी डॉलर्सची मोठी शाळा बांधायचं जाहीर केलं. जागा घेतली गेली, तिथल्या लोकांना हलवलं गेलं, आणि २०११ मध्ये शाळा रद्द झाली. खूप टीका झाली. पण पुढे २०१७ मध्ये त्याच देशातल्या ब्लांटायर शहरात, सरकारी रुग्णालयाच्या आवारात, लहान मुलांच्या शस्त्रक्रियांसाठी तिनं बांधलेला विभाग सुरू झाला. म्हणजे हातून चुकलंही आणि चांगलंही घडलं.

ती काही पहिली नव्हे. १ ऑगस्ट १९७१ ला आपले पंडित रविशंकर आणि बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कला बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मोठी मैफल केली, तिचीही पुढे फिल्म निघाली. इथिओपियाच्या दुष्काळासाठी १९८५ मध्ये ‘लाइव्ह एड’ घडवून आणणारा आयरिश गायक बॉब गेल्डॉफ, त्यानं २००५ मध्ये आफ्रिकेवर टीव्हीची मालिका केली. नावाजलेला माणूस बोट दाखवतो तिकडे जग बघतं, हे खरंच आहे.

हे सगळं मला आठवलं ते आष्टीच्या निमित्तानं. मालावी कुठे आणि आष्टी कुठे, असं तुम्ही म्हणाल. पण दूरच्या दारिद्र्याला आपण जितक्या सहज हळहळतो, तितक्या जवळच्याला हळहळत नाही. आणि आष्टीचं दारिद्र्य तर आपल्या इतकं जवळ आहे, की ते आपल्या स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्यात येऊन बसलेलं आहे. तर चला, आज तिथेच जाऊ.

कुठलं आष्टी?

आधी हा घोळ मिटवते. महाराष्ट्रात आष्ट्या बऱ्याच. सोलापूर जिल्ह्यातल्या आष्टीला २० फेब्रुवारी १८१८ रोजी पेशव्यांचे सेनापती बापू गोखले लढता लढता पडले. वर्धा जिल्ह्यातलं आष्टी १९४२ च्या हुतात्म्यांचं. आपलं आजचं आष्टी बीड जिल्ह्यातलं, जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचं. जिल्ह्याचं ठिकाण बीड लांब आणि अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचं अहिल्यानगर, जवळ. कारभार मराठवाड्याचा, बोलीत मात्र नगरचा भरपूर वास. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. हद्दीपलीकडचं नगर तेव्हा इंग्रजांकडे. सोयरीक इकडची तिकडे, कचेरी मात्र वेगळी, असा तो मामला!

नगरहून एस.टी.नं जाता येतं, पण मी म्हणेन आगगाडीनं जा. नगर-बीड-परळी रेल्वे १९९५ मध्ये मंजूर झाली. त्या वेळी जन्मलेल्या मुलींची लग्नं होऊन त्यांना मुलं झाली, तेव्हा कुठे २३ सप्टेंबर २०२२ ला नगर ते न्यू आष्टी हा ६६ किलोमीटरचा पहिला मोठा टप्पा सुरू झाला. पुढे १७ सप्टेंबर २०२५ ला गाडी बीडपर्यंत पोचली. खिडकीशी बसा. आधी नगरच्या बाजूचे माळ, मग उघडेबोडके डोंगर, मधूनच काळ्या मातीचा पट्टा. ज्वारी, तूर, कापूस, कांदा. पाऊस चांगला झाला तर हा मुलूख गोजिरा दिसतो. नाही झाला तर नुसता धुरळा. सह्याद्रीनं पाऊस अडवून घेतलेला, त्याच्या सावलीतला हा भाग. १९७२ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातल्या बायाबापड्या खडी फोडायला बसल्या होत्या. २०१९ च्या उन्हाळ्यातही या तालुक्यात ठिकठिकाणी चारा छावण्या उघडाव्या लागल्या आणि माणसं जनावरांसोबत छावणीतच राहिली.

तालुक्यात सावरगावजवळ मायंबा आहे. मच्छिंद्रनाथांची समाधी. गर्भगिरीच्या डोंगरातलं ठिकाण, वारा भन्नाट. शेजारच्या पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथ. नाथपंथाची ही सारी वाट एका दिवसात होते. पायांत चांगल्या चपला आणि पाण्याची बाटली मात्र विसरू नका.

आणि मांडवा! हे नाव आवर्जून लक्षात ठेवा. या लहानशा गावातला शेतकऱ्याचा मुलगा अविनाश साबळे. घरची गरिबी. शाळेत जायला गाडी नाही म्हणून पोरगा धावत जायचा. बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथे खऱ्या अर्थानं धावू लागला. तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत हा त्याचा प्रकार. तीत २८ अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या तालुक्यातल्या मुलानं पाण्यावरून उड्या मारून नाव काढावं, याला काय म्हणावं! १९९८ ते २०१८ या काळात राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीचं प्रत्येक पदक केनियाच्या धावपटूंनी नेलं होतं. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला अविनाशनं ती मालिका मोडून रौप्य आणलं, आणि सोनं हुकलं ते सेकंदाच्या विसाव्या भागानं. २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत मग सोनंही आणलं.

हे मुद्दाम सांगते आहे. गरिबीवरच्या फिल्मा बघून आपल्याला वाटू लागतं, की तिथे नुसती गरिबीच राहते. तसं नसतं हो. तिथे माणसं राहतात.

दसरा झाला की

आष्टीला जायची खरी वेळ कोणती, असं विचाराल तर मी सांगेन, दसरा-दिवाळीच्या सुमाराला जा. पर्यटनाला म्हणून नव्हे. त्या दिवसांत इथली गावं रिकामी होतात. आपल्याकडे दिवाळीला लेकी माहेरी येतात. इथे घराला कुलूप लावून अख्खं बिऱ्हाड निघतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, तवा, गोधड्या, दोन कोंबड्या आणि वर बसलेली पोरं. बीड जिल्हा हा राज्यातल्या ऊसतोड मजुरांचा सर्वांत मोठा जिल्हा आणि आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर हे त्यातले पुढचे तालुके. लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांच्या भागात जातात, ती उन्हाळा तोंडावर आल्यावर परततात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या गळ्यात बांधलेली शाळेची मुलं. मालावीच्या त्या फिल्ममधल्या आज्या आठवतात ना? फरक इतकाच, की इथे आई-बाप हयात आहेत आणि तरीही सहा महिने घरी नाहीत.

आता जरा संसारी बायकांसारखा हिशेब मांडू. या धंद्यात मजूर एकटा मोजत नाहीत, ‘कोयता’ मोजतात. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं पाचट सोलायचं, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन फळीवरून चढून ट्रक किंवा ट्रॉली भरायची. मुकादम हंगामाआधीच एकरकमी पैसे देतो, त्याला म्हणतात उचल. मुलीचं लग्न, दवाखाना, मागची देणी, सगळं त्या उचलीतून भागतं. आणि मग ती फेडायची ऊस तोडून. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर वाढून टनाला ३६६ रुपये झाला. एका कोयत्यानं दिवसात दोन टन ऊस तोडला असं धरा. म्हणजे ७३२ रुपये, दोघांचे मिळून. लाखभर उचल असेल तर एकही सुट्टी न घेता १३७ दिवस, साडेचार महिने, नुसती फेड! त्याआधी कारखान्याचा पट्टा पडला की राहिलेली बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. तिला कोणी विचारलं तर ती इतकंच म्हणते, “आमचं काय ताई, कोयता उचलायचा अन् निघायचं.”

पहाटे तीन-चारला उठून भाकऱ्या थापायच्या, मग फडात जायचं. राहायचं कोपीत, म्हणजे पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या खोपटात. संडास नाही, न्हाणी नाही, दिवा असला तर असला. तान्हं मूल फडाच्या कडेला. एक दिवस काम चुकलं तर ‘खाडा’ धरतात. पाचशेपासून हजारापर्यंत रुपये कापले जातात, असं अनेक पाहण्यांतून पुढे आलं आहे. मैत्रिणींनो, आता तुम्हीच विचार करा, महिन्याचे ते चार दिवस या बाईनं कुठे आणि कसे काढायचे?

त्याचं उत्तर कुणीतरी फार भयंकर शोधून काढलं. गर्भपिशवीच काढून टाकायची! पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून बाई खाजगी दवाखान्यात गेली, की “पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल” अशी भीती घालायची. मुलं झालेलीच असतात, लग्न लवकर झालेलं असतं, त्यामुळे तिशीही न गाठलेली बाई टेबलावर जाऊन पडते. खर्चाला पुन्हा उचल. २०१९ मध्ये वर्तमानपत्रांतून हे बाहेर आलं तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे सहाजणींत एक. देशाचा आकडा त्या सुमाराला शंभरात साधारण तीन होता.

त्यानंतर बीड जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगी दवाखान्यात ही शस्त्रक्रिया करू नये, असा नियम आला. हंगामाला निघण्याआधी आणि परतल्यावर बायकांची तपासणी व्हावी, अशी शिफारस समितीनं केली. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाचं महामंडळ उभं राहिलं, मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहं सुरू झाली. कागदावर आलं, हे काही कमी नाही. पण कागद फडापर्यंत पोचायला वेळ लागतो, हे आपण सगळ्याच जाणतो.

कॅमेरा येतो तेव्हा

आता पुन्हा आपल्या मूळ गोष्टीकडे. बीड जिल्ह्यात नावाजलेली माणसं आलीच नाहीत असं नाही. नटाचा दिग्दर्शक झालेले अनंत महादेवन, ज्यांचा ‘मी सिंधुताई सपकाळ’ तुम्ही पाहिला असेल, त्यांनी याच गर्भपिशव्यांच्या विषयावर २०२० मध्ये ‘बिटरस्वीट’ हा मराठी चित्रपट केला. माहितीपट नव्हे, कथाच. पण मुळाशी बीडच्या बायका. दक्षिण कोरियातल्या बुसानच्या महोत्सवापर्यंत तो गेला. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं भलामोठा लेख छापला आणि शीतपेयांच्या बड्या कंपन्यांना लागणारी साखर कुणाच्या अंगावरून येते, असा सवाल केला. आमिर खाननं २०१२ मध्ये टीव्हीवर ‘सत्यमेव जयते’ केलं आणि २०१६ मध्ये पत्नी किरण राव यांच्यासह पाणी फाउंडेशन काढलं. त्यांच्या वॉटर कप स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी बीडमधला अंबाजोगाई तालुका होता. इथे कॅमेऱ्याच्या आधी कुदळ-फावडं आलं, गावकऱ्यांना शिकवणं आलं, आणि बायकाही त्यात उतरल्या. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांचं ‘नाम’ २०१५ चं. सयाजी शिंदे यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये बीडजवळच्या पालवणला चक्क झाडांचं संमेलन भरवलं.

सगळ्यांची तळमळ खरी मानू या. तरीही कॅमेरा घेऊन गरिबाच्या दारात जायचं म्हणजे एक जोखीम असतेच. आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ नावाचा १९८५ चा माहितीपट आहे, मुंबईतल्या झोपडपट्ट्यांवरचा. त्यात एक फुटपाथवर राहणारी बाई खुद्द फिल्म काढणाऱ्यालाच फैलावर घेते. आमचे फोटो काढून तुम्हीच नाव कमावणार, आमच्या पदरात काय, असा तिचा रोख. पटवर्धनांचं मला कौतुक वाटतं ते यासाठी, की त्यांनी तो भाग कापून टाकला नाही. बाईचं बोलणं जसंच्या तसं ठेवलं.

मला वाटतं, गरिबीवरची कुठलीही फिल्म तपासायची ही साधी कसोटी आहे. तिच्यातली बाई फक्त रडताना दिसते की बोलतानाही दिसते? हिशेब सांगताना, भांडताना, हसताना दिसते का? ऊसतोडीची बाई तर हिशेबात इतकी पक्की असते, की कुठल्या फडातल्या किती ट्रॉल्या, कोणत्या दिवशी काटा मारला, हे तिला तोंडपाठ असतं. तिच्याकडे दया दाखवत गेलात तर ती तोंडभर हसेल आणि चहा टाकेल. पण टनाचा दर विचारलात, तर तासभर बोलेल.

आपल्या हातातलं

आपण काही मॅडोना नाही. शाळा बांधणार नाही, रुग्णालय काढणार नाही. पण एक गोष्ट आपल्याकडे आहे, जी तिच्याकडे नव्हती. ज्या बायकांबद्दल आपण बोलतो आहोत त्या आपल्यापासून समुद्रापार नाहीत. बारामती, फलटण, कराड, सांगली, कोल्हापूर, श्रीरामपूर, कुठल्याही कारखान्याच्या गावात राहणाऱ्या वाचक भगिनींनो, नोव्हेंबर ते मार्च त्या तुमच्या गावाबाहेरच्या माळावरच उतरलेल्या असतात.

संक्रांत ऐन हंगामात येते. आपण हळदीकुंकू करतो, वाण लुटतो. प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या, आरसे यांनी एकमेकींची कपाटं भरतो. यंदा चारपाचजणी मिळून कोपीवर जा. त्याही सवाष्णी आहेत, त्यांनाही कुंकू हवं असतं. ज्या सवाष्ण नाहीत त्यांनाही बोलवा. हळदीकुंकवाला आता तेवढी मोकळीक द्यायलाच हवी. वाणात अंगाचा साबण, महिन्याच्या दिवसांसाठी पॅडची पाकिटं किंवा स्वच्छ सुती कापड, उन्हावर चार्ज होणारा दिवा, लहान मुलांचे स्वेटर असं काही द्या. मात्र फोटो काढू नका. काढायचाच असेल तर आधी विचारा.

तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीताईंना सांगा, की कोपीवर पाच वर्षांखालची मुलं आहेत, त्यांचं लसीकरण आणि खाऊ चुकायला नको. शाळेत मुख्याध्यापकांना सांगा, की फडावर आलेली मुलं हंगामापुरती वर्गात बसवून घ्या. यात पैसा लागत नाही, दोन हेलपाटे लागतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं. कोपीतली बाई असो, तुमच्याकडे धुणंभांडी करणारी असो की तुमची स्वतःची नणंद-जाऊ असो, कुणालाही “पिशवी काढून टाका” असा सल्ला मिळाला तर घाई करू देऊ नका. पांढरं जाणं हे बहुतेक वेळा औषधानं बरं होतं. सोनोग्राफी, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी झाली का, हे विचारा आणि सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्या. कमी वयात गर्भपिशवी गेली, आणि सोबत बीजांडंही काढली, तर हाडं ठिसूळ होणं, अंगातून वाफा येणं, थकवा हे सगळं फार लवकर मागे लागतं. पस्तिशीत म्हातारपण येतं आणि कोयता तर सुटत नाही. रक्तस्राव थांबतच नसेल, गाठ असेल तर शस्त्रक्रिया लागेलही. पण ती तिच्या प्रकृतीसाठी असावी, खाडा वाचवण्यासाठी नव्हे.

आष्टीला मी तुम्हाला पुन्हा जायला सांगेन, ते मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा ट्रॉल्या परत येतात, कुलपं निघतात, बंद घरांतली जळमटं झाडली जातात, आजीच्या ताब्यातली पोरं आईला चिकटतात. मांडव्याच्या रस्त्यावर अविनाशसारखं व्हायचं म्हणून एखादं पोरगं पहाटे पळताना दिसेल, आणि बघा, एखादी पोरगीसुद्धा. खुंटेफळच्या साठवण तलावात कृष्णेचं पाणी आणायचं काम चाललं आहे. ते पाणी शिवारात पोचलं तर दसऱ्याला कुलूप लावणारी घरं थोडी कमी होतील, अशी तिथल्या बायका आशा करतात. तोवर आपल्या चहात दोन चमचे साखर पडते आहे, ती कुणाच्या डोक्यावरून उतरली आहे, एवढं तरी आपल्या मुलांना सांगू या.